चांगथांगच्या बकऱ्या आणि माझा जवळा

राहनाळ

लडाखला जाऊन आलेली माणसं सांगतात की तिथलं आकाश फार निळं असतं आणि त्या डोंगरांसमोर उभं राहिलं की माणूस किती लहान आहे ते कळतं. लहान आहोत हे कळायला मला इतक्या लांब जायची गरज नव्हती. आमच्या भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावर कंटेनरच्या मागे रिक्षात अडकून बसले की ते मला आठवड्यातून दोनदा कळतं. आकाशाबद्दल मात्र लोक म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे वर आकाश आहे याची खात्री फक्त पावसाळ्यात पटते, तेव्हा ते गळत असतं.

मी गेले ती आकाशासाठी नव्हे, बकऱ्यांच्या रक्तासाठी. हे मी शेजारच्या कमळाबाईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि संध्याकाळी दहीभात आणि लिंबू घेऊन आली, माझ्यावरून उतरून टाकायला. तेव्हा आधी खुलासा करते.

माझी भाची दर्शना, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, जनावरांची डॉक्टर आहे. ती डॉक्टर झाली तेव्हा गावाने तिचा नारळ देऊन सत्कार केला. आता गावात जनावरं कुठे आहेत हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. गोठ्यांच्या जागी गोदामं झाली, आणि गोदामाला ताप आला तर दर्शना काही करू शकत नाही. म्हणून ती मुंबईत संशोधन करायला लागली. विषय असा, की उंच डोंगरावर, जिथे हवाच विरळ, तिथली जनावरं जगतात कशी. उत्तर म्हणे त्यांच्या रक्तात असतं.

रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. ते एक प्रथिन आहे. प्रथिन म्हटलं की मला तुरीची डाळ आठवते, पण हे प्रथिन कष्टकरी आहे. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा, अंगभर नेऊन उतरवायचा, रिकाम्या हाताने परत यायचं. दर्शनाने हे सांगितल्यावर मी म्हटलं, मग हमाल म्हण की, सरळ. आमचं गोदाम दापोड्याच्या रस्त्यावर आहे, मला दुसरं काय सुचणार.

तर तुमच्याआमच्यासारखं सपाटीवरचं माणूस उंचावर गेलं की उचलायला मालच कमी मिळतो. शरीर घाबरतं आणि तांबड्या पेशी वाढवत सुटतं. म्हणजे माल पोचत नाही, सोडा आणखी ट्रक. हा उपाय आम्हाला पाठ आहे. त्याने मानकोलीला जे होतं तेच नसांत होतं. रक्त दाट होतं, हृदयाला ढकलताना धाप लागते आणि माल तरी कुठे पोचतो. जी जनावरं हजारो वर्षं वरच राहिली, त्यांनी ट्रक वाढवले नाहीत. त्यांनी हमाल बदलला. त्या प्रथिनाच्या लांबलचक साखळीतले एकदोन दुवे वेगळे, बस, तेवढ्यानं त्याची पकड घट्ट होते आणि विरळ हवेतूनही तो प्राणवायू उचलतो. आपल्याकडे थंडीत तळ्यावर येणारे ते डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून येतात ते याच जोरावर.

बकऱ्यांची गोष्ट आणखी मजेची. करडू लहान असतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन घट्ट पकडीचं असतं. मोठी झाली की बकरी ते सोडून साधं, सैल हाताचं घेते. पण उंच डोंगरावरच्या काही रानटी बकऱ्या करडाचं रक्त जन्मभर सोडतच नाहीत. लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावरच्या पाळीव बकऱ्याही तसंच करतात का, हे दर्शनाला बघायचं होतं. तुलनेसाठी तिने भिवंडीतल्या एका ओळखीच्या लूमवाल्याच्या बकऱ्यांचं आणि करडांचं रक्त आधीच घेतलं होतं. तो भला माणूस, पण रोज फोन करून विचारायचा, की डॉक्टरीणबाय, हमारी बकरी पास हुई के नापास.

तिच्याबरोबर जाणाऱ्या मुलाला ऐन वेळी डेंग्यू झाला. माझी भावजय म्हणाली, पोरगी एकटी जाणार नाही. पोरगी तिशीची आहे, पण ते असो. घरात रिकामी कोण, तर मी. शिवाय माझ्याकडे एक पात्रता होती. गोदामं यायच्या आधी मी सासूबरोबर कितीतरी वर्षं खाडीची मासळी विकली आहे, आणि रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीतून आणायच्या होत्या.

"बर्फाचा मना सगला कलतंय गो," मी दर्शनाला सांगितलं. "तू तुजी सुई सांभाल."

हे वाक्य लक्षात ठेवा.

लेह

प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की विमानतळावर माझ्या बॅगेतल्या जवळ्याची पिशवी तपासणाऱ्या मुलीने हुंगली आणि पुढचं काही न तपासता मला सोडलं. आगरी बाई परदेशी, म्हणजे ठाण्याच्या पलीकडे, निघाली की सुका जवळा, म्हणजे तांदळाएवढी वाळवलेली कोलंबी, बरोबर असतो. तिथे काय खायला मिळेल, न मिळेल. कांद्यावर परतला की कुठल्याही भाकरीचं जेवण होतं.

लेहला उतरल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. मी आयुष्यात दोन दिवस पडून राहिलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. पण जिना चढले आणि पाचव्या पायरीवर बसले. गिरणीतून धान्य दळून डोक्यावर आणणारी मी, हातात फक्त पाण्याची बाटली, आणि छातीत सगळे लूम एकदम चालू. दर्शनाने माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि तो मला सांगितला नाही.

आमचा ड्रायव्हर स्टॅनझिन, तिथलाच, तोच चिमटा लावून आरामात शिट्टी वाजवत होता. दर्शना म्हणाली, माणसांचं गणित वेगळं, यांच्या रक्तात ट्रक वाढत नाहीत, यांचं शरीर दुसऱ्या वाटेनं जुळवून घेतं. स्टॅनझिन मला 'आंटी-ले' म्हणायचा. 'ले' म्हणजे आपला 'जी'. आमच्याकडे भिवंडीत ड्रायव्हर मला 'ओ मावशी, बाजूला' म्हणतात, त्यामुळे पहिले दोन दिवस तो आदर मला जडच गेला.

तिथला चहा खारट असतो. लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. आमच्याकडे पाहुण्याला चहा इतका गोड देतात की कप टेबलाला चिकटतो, आणि इथे पाहुण्याला समुद्र पाजतात. मी पहिला घोट घेऊन हसले, तर लगेच कप पुन्हा भरला. पुढे स्टॅनझिनने सांगितलं की कप रिकामा होऊ देत नाहीत, नको असेल तर भरलेला ठेवायचा आणि निघताना एकदम प्यायचा. हे त्याने मला चौथ्या कपानंतर सांगितलं.

चांगथांग

घाट चढून पठारावर आलो तेव्हा मला वाटलं जग संपलं आणि फक्त त्याचं अंगण उरलं. झाड नाही, भिंत नाही, होर्डिंग नाही. दूरवर पिवळट गवत, त्यापलीकडे तपकिरी डोंगर, त्यापलीकडे बर्फ. एवढी मोकळी जागा बघून पहिला विचार काय आला असेल, तर इथे किती गोदामं बसतील. भिवंडीचं पाणी.

बकऱ्या दिसल्या त्या लांबून हलणाऱ्या दगडांसारख्या. जवळ आल्या तेव्हा केसांनी लगडलेल्या, पिळदार शिंगांच्या, आणि चेहऱ्यावर सासूसारखा भाव. त्यांच्या मोठ्या केसांखाली जी मऊ लोकर असते तिची पश्मिना. मी विरळ हवेत तोंडाचा आ करून उभी होते आणि त्या चढावर पळत होत्या. शास्त्र तिथेच सिद्ध झालं होतं, नळ्या कशाला भरायच्या असं मला वाटलं.

कळपाची मालकीण एक आमा होती. आमा म्हणजे आई. साठीची असेल, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी, पण तिथल्या उन्हाने तिच्या तोंडावर असा नकाशा काढला होता की मी नव्या नवरीसारखी दिसत होते. ती याकच्या केसांच्या काळ्या तंबूत राहायची. हिंदी थोडी समजायची, बोलायची मात्र आपल्या भाषेत, आणि स्टॅनझिन मधे बसून सांगायचा.

रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायची आमच्यात रीत नाही. मी जवळ्याची एक पिशवी आमाच्या हातात ठेवली. तिने ती उजेडात धरली. मग चिमूटभर तळव्यावर घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिली. जवळ्याला डोळे असतात, काळे टिपके. मी इतकी वर्षं खाल्ला, पण डोळ्यात डोळे घालून कधी बघितलं नव्हतं. आमाने काहीतरी विचारलं. स्टॅनझिन घुटमळला आणि म्हणाला, "आंटी-ले, पूछ रही हैं, ये हर एक की जान अलग-अलग थी क्या?"

मी म्हटलं, हो, म्हणजे, असणारच.

आमाने चिमूट पिशवीत परत ठेवली, एकही दाणा खाली न सांडता. पिशवी माझ्या हातात दिली आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटली. स्टॅनझिनने समजावलं की इथे मांस खातात, थंडीत दुसरं काय मिळणार, पण एका मोठ्या जनावराचा जीव घेऊन घर महिनाभर जगतं. लहान जीव खाणं त्यांना जड वाटतं, पोट एक आणि जीव किती. मी मनात म्हटलं, झालं, मी इथे खाटीक ठरले. चटणीवर एवढा विचार आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता.

रक्त द्यायला मात्र आमा कबूल झाली. तिची अट एकच. सुई टोचून ज्यांचं रक्त घेतलं त्यांनी आपला वाटा दिला, त्यांना पुन्हा कधी कापायचं नाही. ही तिच्या घरची रीत, तिने तिथल्या तिथे ठरवलेली असली तरी मला नवल नाही. थंडीच्या तोंडाला कोणत्या बकऱ्या कापायच्या हे तिच्या मनात ठरलेलं होतं, आणि दर्शनाला हव्या होत्या त्याच नेमक्या, वयाने मोठ्या. आमाने सहा बकऱ्या दिल्या आणि सहाही जणींच्या कानात लाल लोकरीचा धागा ओवला. म्हणजे तिच्या हिवाळ्यातल्या सहा बकऱ्या आमच्या शास्त्रापायी वाचल्या. त्या तिला पोसायला लागणार होत्या, खायला मिळणार नव्हत्या.

दर्शनाने मानेतून रक्त काढलं. बकरीला कळलंसुद्धा नाही, इतका हलका हात. मला तेव्हा पोरीचा फार अभिमान वाटला, आणि गावाने दिलेला नारळ वाया गेला नाही असंही वाटलं.

पेटी

आता ती गोष्ट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ती.

त्याच दुपारी दर्शनाचं डोकं फुटायला लागलं. उंचीचं दुखणं. उलट्या झाल्या, उभी राहीना. स्टॅनझिन म्हणाला, आज गाडीत घालून हलवण्यात अर्थ नाही, घाट आणखी उंच आहे, रात्रभर इथेच आडवं पडू दे. पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या तोवर कोमट झाल्या होत्या. दर्शना डोळे मिटून म्हणाली, "आत्या, काहीही झालं तरी ते गार राहिलं पाहिजे." तिची शिष्यवृत्ती त्या महिन्यात संपत होती, आमाचा कळप दुसऱ्या कुरणावर हलायच्या बेतात होता, आणि घाट केव्हा बंद होईल याचा नेम नव्हता. हे रक्त गेलं तर तीन वर्षांचं काम मोडकं राहणार होतं. ते तिने सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं.

गार राहिलं पाहिजे. हे कोणाला सांगतेस. ओढ्याच्या सावलीतल्या कडेला बर्फ धरला होता, तो मी दगडाने फोडून आणला. आणि मासळी बाजारात बर्फावर काय टाकतात? मूठभर खडं मीठ. त्याने बर्फ चावायला लागतो, मासळी दगडासारखी होते आणि संध्याकाळपर्यंत डोळा चमकत राहतो. माझ्या सासूने मला ही विद्या दिली, तिच्या सासूने तिला. मीठ आमाकडे होतंच, तिथल्या खाऱ्या तळ्याचं, भरड, करकरीत. मी एक थर बर्फ, एक मूठ मीठ, त्यावर नळ्या, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, असं पद्धतशीर रचलं. वर कांबळं घातलं. पेटीला हात लावला तर हात पोळावा इतकी गार. मी समाधानाने खारट चहा प्याले.

सकाळी दर्शनाला बरं वाटलं. तिने पेटी उघडली, नळी हातात घेतली आणि हलवली. आत काही हललं नाही. तिने ती ओंजळीत धरून वितळवली, मग उजेडात उभी धरून ठेवली. रक्त चांगलं असलं की पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. हे नुसतं लाल होतं, वरपासून खालपर्यंत एकसारखं, कोकमच्या सरबतासारखं. गोठल्यावर पेशी फुटल्या होत्या. आतला सगळा माल बाहेर सांडला होता. सहाही नळ्यांत तेच.

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, आमच्या घरात भांडण हे औषध आहे. तिने पेटीतला बर्फ चाखून बघितला, फक्त जिभेच्या टोकाने, आणि म्हणाली, "मीठ." मग बाहेर जाऊन दगडावर बसली. मी मागे गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवायचं धाडस होईना. मासळीला बर्फ लागतो, रक्ताला नुसता गारवा लागतो, हा फरक मला कोणी सांगितला नव्हता आणि मी कोणाला विचारलाही नव्हता. मला इतकी लाज वाटली की धाप लागल्याचंही विसरले.

"त्याच बकऱ्यांचं पुन्हा घे की गो," मी शेवटी म्हटलं.

"न्हाय आत्या," ती म्हणाली. तीही दुःखात असली की गावचं बोलते. "लगेच पुन्हा काढणं बरं न्हाय. दुसऱ्या पायजेत."

दुसऱ्या म्हणजे आणखी सहा. म्हणजे आमाचा आख्खा हिवाळा.

आमाचा सौदा

विचारायला मी गेले. माझं काम होतं ते. दर्शनाला मी येऊ दिलं नाही, स्टॅनझिनला तेवढं घेतलं. आमा तंबूच्या दारात चातीवर लोकर कातत बसली होती. मी सगळं खरं सांगितलं, मिठासकट. तिचंच मीठ होतं हेही. ती चाती फिरवत ऐकत राहिली. मीठ हा शब्द आला तेव्हा हसली, एकदाच, आणि पुन्हा गंभीर झाली.

मग ती बोलली, आणि स्टॅनझिनने सांगितलं ते असं. काल सहा वाचल्या. आज आणखी सहा मागता. माझ्या घरात माझा मुलगा, सून, दोन नातवंडं आहेत, थंडीत दगड शिजवून घालू का? मी म्हटलं, आमा, याचं जे काय मोल असेल ते सांगा. तिने हाताने माशी उडवल्यासारखं केलं. एवढ्या अंतरावरून मोल द्यायला येणारे व्यापारी तिने बरेच पाहिले असणार.

चाती थांबली. तिने माझ्या झोळीकडे बोट केलं. झोळीत जवळ्याच्या दोन पिशव्या होत्या.

"कहती हैं," स्टॅनझिन म्हणाला, आणि मला दिसलं की त्याला हसू आवरत नाहीये, "मैं अपनी छोड़ती हूँ, तुम अपनी छोड़ो."

मला आधी वाटलं या दोन पिशव्याच मागतेय. मी झटकन काढून पुढे केल्या. आमाने मान हलवली. पिशव्या नव्हे. खायचा सोडायचा. कधीपर्यंत, मी विचारलं. आज ज्या बकऱ्या रक्त देतील त्यांतली एक जरी जिवंत असेल तोवर.

वाचकहो, तुम्ही आगरी नसाल तर तुम्हाला हे विनोदी वाटेल. मला सांगा, जवळा सोडल्यावर श्रावण संपला हे माणसाला कळणार कसं? ताप उतरल्यावर तोंडाला चव कशाने येणार? घरात काही नसताना पाहुणा आला तर त्याच्या पानात काय वाढायचं, शास्त्र? मी तिथे उभी राहून गंभीरपणे घासाघीस केली. फक्त सणावारी सोडते म्हटलं. जवळ्याऐवजी बोंबील सोडते म्हटलं, तो एकेकटा मोठा असतो. आमा चाती फिरवत राहिली. आमच्यात म्हण आहे, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे शेळीच्या मालकिणीने हिशेब खाणाऱ्याकडेच मागितला होता, आणि तिच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. एका घासात किती जीव, हे मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते.

बाहेर दर्शना दगडावर तशीच बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. मी हो म्हटलं.

आमाने त्या दोन पिशव्या मात्र टाकून दिल्या नाहीत. ओढ्याकाठी दगड रचून त्याखाली ठेवल्या, वर पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली आणि मंत्र म्हटले. जवळ्याचा अंत्यविधी पाहिलेली मी पहिलीच आगरी बाई असेन. स्टॅनझिनने टोपी काढली होती, म्हणून मीही पदर घेतला.

दुपारी सहा नव्या बकऱ्यांच्या कानात धागे ओवले गेले, या वेळी निळे. त्यातल्या एकीचं डावं शिंग खाली वळलेलं होतं आणि ती माझ्या साडीचा काठ चावून गेली. दर्शनाने रक्त काढलं. पेटीत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला, नळ्यांपासून लांब, आणि पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली. घाटात गाडी आदळायची तेव्हा ती दोन्ही हातांनी तिला धरायची. मीठ आमाने मला भेट म्हणून दिलं, छोटी पिशवीभर. आमाही काही कमी तिखट नव्हती.

परत राहनाळ

लेहला पोचेपर्यंत रक्त ठीक होतं. नळी उभी धरली तेव्हा पेशी खाली बसल्या, वर स्वच्छ पिवळं पाणी. दर्शना रडली, मग मी रडले, स्टॅनझिन बाहेर जाऊन उगाच गाडी पुसत बसला. तिथल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिने रक्त तपासलं. प्राणवायू पकडण्यात चांगथांगची म्हातारी बकरी भिवंडीच्या करडाच्या जवळपास जाते, एवढं म्हणे दिसलं. ते करडाचंच प्रथिन आहे की त्यांनी दुसरी काही युक्ती केली आहे, ते अजून नक्की नाही. ते साखळीचे दुवे तपासून कळेल, आणि त्यासाठी पेशी फोडाव्याच लागतात. म्हणजे मी गोठवून बिघडवलेल्या त्या सहा नळ्यासुद्धा त्या कामाला चालतील. हे तिने मला परतीच्या विमानात सांगितलं, खिडकीबाहेर बघत. जवळा सोडून झाल्यावर.

घरी आल्यावर कमळाबाईने विचारलं, काय पाहिलंस. मी म्हटलं, आकाश फार निळं होतं. बाकीचं तिला पटलं नसतं. पण आठ दिवसांत गावभर झालं की सुमनने जवळा सोडला, आणि त्याची कारणं गावाने आपापल्या बुद्धीप्रमाणे लावली. कोणी म्हणालं माळ घातली, कोणी म्हणालं डॉक्टरने सांगितलं. कमळाबाईला अजून वाटतं की ते लिंबू नीट उतरलं नव्हतं.

याला दोन हिवाळे झाले. मी स्टॅनझिनला अधूनमधून फोन करते आणि विचारते, आमाच्या निळ्या धाग्याच्या बकऱ्या कशा आहेत. त्याला वाटतं आंटी-ले फार दयाळू. मी दयाळू नाही. पहिल्या हिवाळ्यात एक गेली असं त्याने सांगितलं तेव्हा मी वाईट वाटल्याचा आवाज काढला आणि मनात पाच म्हटलं. मग लांडग्याने एक नेली. या वर्षी बर्फ फार पडला, चारा मिळेना, कळपातल्या कितीतरी गेल्या. आज दुपारी त्याचा फोन आला की निळ्या धाग्याची आता एकच राहिली आहे, ती वाकड्या शिंगाची, आणि तिला उठवत नाही.

फोन आला तेव्हा कमळाबाई जवळा परतत होती. कांदा, लसूण, शेवटी दोन आमसुलं. तिची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर आहेत. एक म्हातारी बकरी मधे उभी होती, आणि तीही उभी नव्हती.

"स्टॅनझिन," मी म्हटलं, "आमा को बोल, उसको तंबू में ले ले. बाहर मत रख."

तो म्हणाला, घेतली आहे, परवापासून आमाच्या अंथरुणाशेजारीच आहे, आमा तिला सातूचं पीठ पाण्यात कालवून हाताने भरवते. मी विचारलं, खाते का. म्हणाला, आज थोडं खाल्लं.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच ओट्याला टेकले. मग स्वतःचाच राग आला, आणि उठून खिडकी लावून घेतली. चुलीवर वाल शिजत होते, त्यात आमाचं मीठ घातलं. संध्याकाळी पुन्हा फोन करीन.